यूकेमध्ये जुन्या ग्राहकाला ब्रॉडबँड महाग आणि नव्याला स्वस्त, असं का?

नवा ग्राहक ओढायला कंपन्या 18 किंवा 24 महिन्यांपुरती सवलत देतात. करार संपला की सवलत जाते आणि बिल चढतं. वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे राहिलेल्या वयस्कर माणसांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

2020 पासून ऑफकॉमच्या (यूकेतल्या दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियमानुसार करार संपायच्या 10 ते 40 दिवस आधी कंपनीला तसं कळवावंच लागतं, आणि त्यात नव्या ग्राहकांचे दरही द्यावे लागतात. तो ईमेल समोर ठेवूनच फोन करा. "कनेक्शन बंद करायचंय" असं स्पष्ट म्हणा. आमचं बिल तेव्हाच उतरलं. नाहीच ऐकलं तर सरळ बदला. सप्टेंबर 2024 पासून फक्त नव्या कंपनीला सांगायचं, जुन्या कंपनीचं सगळं तीच बघते.