वाचक विचारतात: अमेरिकेतील गुलामांची गुप्त वाट

प्रश्न (भुसावळ): आमचे गावच रेल्वेचे. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ने अमेरिकेतले गुलाम पळाले, असे मुलाने वाचले. ही गाडी कुठून कुठे धावत होती? बोगदे अजून आहेत का?

उत्तर: गाडी नव्हती, बोगदेही नव्हते. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेतून गुलामांना मुक्त उत्तरेकडे पळायला मदत करणाऱ्यांची ती गुप्त साखळी होती. रेल्वे तेव्हा नवी होती, तिचेच शब्द या लोकांनी उचलले. आसरा देणारे घर ‘स्टेशन’, वाट दाखवणारा ‘कंडक्टर’, पळणारे ‘प्रवासी’. दोन स्टेशनांत साधारण १० ते २० मैल, म्हणजे तुमच्या भुसावळहून जळगाव एवढे. रात्री पायी, नाहीतर घोडागाडीत मालाखाली लपून. बहुतेकांना फक्त पुढचे घर ठाऊक असे. त्यामुळे एक जण सापडला, तरी सगळी साखळी उघडी पडत नसे.

खोल दक्षिणेत मात्र अशी स्टेशने जवळजवळ नव्हतीच. सर्वांत जीवघेणा पहिला टप्पा माणसे स्वतःच्या हिमतीवर किंवा इतर कृष्णवर्णीयांच्या आधाराने पार करत. श्रेय वाटताना नेमके हेच विसरले जाते.

प्रश्न (अमळनेर): पळायची वेळ कशी ठरवत? पकडले जात ते कशामुळे?

उत्तर: हॅरिएट टबमन या ‘कंडक्टर’ची पद्धत पाहा. १८४९ मध्ये त्या मेरीलँड राज्यातल्या गुलामगिरीतून स्वतः निसटल्या आणि पुढे सुमारे १३ खेपांत जवळपास ७० जणांना घेऊन आल्या. त्या हिवाळा निवडत, कारण रात्री मोठ्या असतात आणि बाहेर माणसे कमी. निघायचे शनिवारी रात्री. रविवारी कामाला सुट्टी असे, आणि फरारीची जाहिरात सोमवारच्या आधी छापून येत नसे. दिशा ध्रुवताऱ्यावरून. तान्ही मुले रडू नयेत म्हणून अफूचे औषध देत, आपल्याकडे पूर्वी शेतावर जाणाऱ्या बाया बाळगोळी देत तसेच. मध्येच कुणी परत फिरला, तर मारहाण करून त्याच्याकडून पुढची घरे वदवून घेतली जाण्याची भीती. म्हणून टबमन पिस्तूल जवळ ठेवत आणि कुणालाही मागे फिरू देत नसत.

पळालेल्या गुलामांना पकडून मालकाला परत देण्याच्या १८५० च्या कायद्याने उत्तरेतही सुरक्षितता उरली नाही. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे. त्यात निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५! म्हणून मग थेट कॅनडा. ब्रिटिश साम्राज्याचा गुलामगिरीबंदीचा कायदा तिथे १ ऑगस्ट १८३४ पासून लागू होता.

प्रश्न (चोपडा): दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीच्या नक्षीतून खुणा देत, हे खरे का? मुलींना शाळेच्या प्रकल्पात घ्यायचे आहे.

उत्तर: त्या काळचा पुरावा नाही, घेऊ नका. त्याऐवजी फिलाडेल्फियात पळून येणाऱ्यांना मदत करणाऱ्या विल्यम स्टिल यांच्या नोंदी घ्या. १८५० मध्ये आलेल्या एका माणसाची विचारपूस करताना तो आपलाच ताटातूट झालेला भाऊ पीटर असल्याचे त्यांना कळले. तेव्हापासून ते येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मालक, नातेवाईक काळजीपूर्वक लिहू लागले. हे कागद सापडले असते तर अनेकजण गोत्यात आले असते, म्हणून त्यांनी ते लपवून ठेवले आणि गुलामगिरी संपल्यावर, १८७२ मध्ये छापले.