कोळशाच्या गावाचा इतिहास लिहायला निघालेल्या मुलीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या हार्लन काउंटीतल्या लिंच या कोळसाखाणीच्या गावाच्या आठवणी गोळा करायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद वाटला. मात्र आराखड्यात कंपनीच्या दप्तराला दोन महिने आणि माणसांना दोनच आठवडे दिलेस, ते बदल. कोळसा कंपन्यांनी ज्याला मजुरी दिली त्याचीच नोंद ठेवली. वेस्ट व्हर्जिनियात मोनोंगा इथल्या खाणीत ६ डिसेंबर १९०७ रोजी झालेल्या स्फोटातल्या मृतांचा अधिकृत आकडा ३६२ आहे, पण खरा आकडा त्याहून मोठा असणार. मजुरी टनावर मिळायची, म्हणून खाणकामगार मुलाला किंवा भावाला हाताखाली घेऊन उतरायचे आणि या मदतनिसांची नावं हजेरीपटावर नसायची.

तेव्हा दप्तरातले कागद बरोबर घेऊनच माणसांकडे जा. एखादी जुनी पगारचिठ्ठी मिळाली, तर तिची मोठ्या अक्षरातली प्रत समोर ठेव आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचार. घरभाडं, डॉक्टर, सुरुंगाची दारू, दिव्याचं कार्बाइड, हत्यारांची धार, दुकानाची उधारी, हे सगळं मजुरीतून कापलं जायचं. डॉक्टरचे पैसे कापल्यावर बाळंतपणाचे वेगळे द्यावे लागत का? हातात उरायचं ते डॉलरमध्ये, की फक्त कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या नाण्यांत? छताला टेकू लावायला, रूळ टाकायला, दगड उपसायला किती वेळ जायचा? या तिन्ही कामांचे बहुतेक ठिकाणी पैसेच मिळत नसत, त्यामुळे चिठ्ठीत ते सापडणार नाही. नुसतं ‘जुने दिवस कसे होते?’ विचारलंस, तर पाहुण्यांना नेहमी ऐकवतात तेच ऐकून परतशील.

बायकांना वेगळं भेट. नवरा शेजारी असला की खाणीच्या प्रश्नाला तोच उत्तर देतो आणि घर कसं चाललं हे राहून जातं. पाणी कुठून यायचं, खाणीतली कामाची पाळी संपायच्या वेळी कोळशानं माखलेल्या माणसाच्या आंघोळीसाठी किती पाणी तापवायचं, संपात दुकानाची उधारी बंद झाल्यावर चूल कशावर पेटली, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणखी एक, लिंचमधलं निम्मं लिंच आता लिंचमध्ये नाही. १९१७ पासून यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या उपकंपनीनं हे गाव वसवलं. अलाबामातून कृष्णवर्णीय कुटुंबं आली, युरोपातून इटालियन आणि हंगेरियन आले. यंत्रांनी माणसं कमी केली तशी पुढची पिढी डेट्रॉइट, क्लीव्हलंड, शिकागोकडे गेली. ईस्टर्न केंटकी सोशल क्लबच्या मेळाव्यांना ही कृष्णवर्णीय कुटुंबं एकत्र येतात. तिथं गेल्याशिवाय लिखाणाला हात घालू नकोस.

नावांची पडताळणी चिकाटीनं कर. १९५० ची जनगणना २०२२ पासून खुली आहे. खाण निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत मृतांची नावं आणि अपघाताचं कारण मिळतं. ते मृत्यूच्या दाखल्याशी ताडून बघ, कारण परदेशी आडनावं कारकुनानं कानाला लागली तशी लिहिलेली असतात. अहवालातलं कारणही पारखून घे. छत कोसळल्याचा दोष पुष्कळदा मेलेल्याच्याच माथी मारलेला दिसतो.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही या ध्वनिफाइलच्या प्रकारात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर कर. अनेक वृद्ध खाणकामगारांना कोळशाच्या धुळीनं होणारा काळ्या फुफ्फुसाचा आजार असतो आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं. ते बंद करायला कधीही सांगू नकोस. कॉलरचा माइक लाव, यंत्र आपल्या नळीच्या लांबीइतकं दूर राहू दे. एक तासावर बैठक ताणू नकोस. दम लागून वाक्य तुटलं तर ते तू पुरं करू नकोस, थांब. लेखी संमती सुरुवातीलाच घे, पण मुलाखत संपल्यावर पुन्हा विचार: यातलं काय बाहेर जाऊ नये? कोण संपात फुटला, कोणी कोणावर बंदूक रोखली, हे वैर नातवंडांपर्यंत पोचलेलं असतं.

प्रती तीन ठेव, आणि एक तरी या डोंगराळ भागाबाहेर. जुलै २०२२ च्या पुरात केंटकीतल्याच व्हाइट्सबर्गच्या ॲपलशॉप या सांस्कृतिक संस्थेचा संग्रह पाण्यात बुडाला. या दऱ्यांत घर, रस्ता, रेल्वे, संग्रहालय सगळं ओढ्याकाठच्याच अरुंद पट्ट्यात असतं.

बंद खाणीच्या तोंडाशी फोटोसाठीसुद्धा आत पाऊल टाकू नकोस. तिथल्या प्राणवायू नसलेल्या हवेला वास नसतो. खाण आतून बघायची असेल तर लिंचमध्येच ३१ क्रमांकाची खाण पर्यटकांसाठी सुरक्षित करून ठेवली आहे. एखादा जुना कामगार बरोबर आला तर रेकॉर्डर चालू ठेवूनच आत जा.