फ्रोयाला यायचं म्हणतोस, तर हे आधी वाच

नॉर्वेतल्या फ्रोया बेटावर सॅमनच्या कंपनीत नोकरी मिळतेय, बायको आणि दुसरीतली मुलगी सोबत येणार आहेत. लोक कसे आहेत, मुलीचं कसं होईल, एकटं वाटेल का, असं विचारलं आहेस. ताई म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरेच करते. व्हिसा, किमान पगार, घरभाडं हे सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, त्यात मी शिरत नाही. मी मूळची हर्णैची, कोळ्याच्या घरातली. इथे मासळीच्या कारखान्यात दर्जा तपासायचं काम करते. तुझा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लांबलचक लिहितेय.

लोक कसे हे समजून घ्यायचं असेल तर आल्यावर पहिल्या सुट्टीला टिट्रानला जा. बेटाच्या पश्चिम टोकाचं गाव. १८९९ च्या ऑक्टोबरात, १३ तारखेच्या रात्री, हेरिंग माशाच्या मोसमात उघड्या होड्या जाळी टाकून समुद्रात होत्या. वादळ उठलं आणि १४० माणसं गेली. तिथे स्मारक आहे. पलीकडे पाण्यात स्लेट्रिंगेनचं दीपगृह दिसतं, ४५ मीटरचा लोखंडी मनोरा, देशातला सगळ्यात उंच. सव्वाशे वर्षं झाली तरी इथली म्हातारी माणसं त्या रात्रीबद्दल बोलताना अमक्याच्या घरचा, तमक्या बेटावरचा असंच बोलतात. आपल्याकडे बंदरावर बोलतात तसंच. मला हे गाव कळायला सुरुवात झाली ती तिथून.

बाकी इतिहास कागदावर छोटा आहे. फ्रोया आधी शेजारच्या हिट्राचा भाग होतं, १८७७ मध्ये वेगळं झालं. १९०६ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, १९६४ मध्ये पुन्हा एक झाले. अलीकडे देशभर कोमुने, म्हणजे इथल्या नगरपालिका, एकत्र करायची लाट आली, तेव्हाही फ्रोया आणि हिट्रा वेगळेच राहिले. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बेटं सारखी वाटतात, पण हिट्रावर झाडी आहे, हरणं आहेत. फ्रोयावर खडक, दलदल आणि वारा. इथल्या माणसाला हिट्राचा म्हणू नकोस, मनापासून वाईट वाटतं त्यांना.

पैसा सॅमनने आणला. १९७० मध्ये हिट्रावर ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यात सॅमन वाढवून दाखवला, तिथून हा धंदा उभा राहिला. १९९१ मध्ये गुस्ताव वित्सो यांनी फ्रोयावर साल्मार ही सॅमनची कंपनी काढली, तिचं मुख्य कार्यालय आजही बेटावरच क्वेर्वाला आहे. १९९४ मध्ये हिट्रा मुख्य भूमीला बोगद्याने जोडलं गेलं, २००० मध्ये फ्रोया हिट्राला. फ्रोयाचा बोगदा पाच किलोमीटरच्या वर, समुद्रसपाटीखाली १६४ मीटर. आता त्यातून सॅमनचे ट्रक रात्रंदिवस जातात, रस्त्यालाच सॅमनचा रस्ता म्हणतात. चार हजारांच्या आसपास उतरलेली वस्ती पाच हजारांच्या वर गेली, आणि ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांची आहे. कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत नॉर्वेजियनइतकीच पोलिश आणि लिथुआनियन ऐकू येते. बाहेरची बेटं मात्र ओस पडत गेली. हाल्टनवर आता कायमची वस्ती नाही.

२०१९ मध्ये इथे पवनचक्क्यांवरून मोठं आंदोलन झालं. लोक माळावर तंबू ठोकून बसले, गरुडांसाठी आणि त्या उघड्या माळासाठी. चक्क्या तरीही उभ्या राहिल्या. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं की लोकांचं बरोबर होतं. ज्यांनी समुद्र, जमीन, तरुण पोरं सगळं बाहेरच्या जगाला देऊन झालंय, त्यांनी एका माळासाठी हट्ट धरला तर तो ऐकायला हवा होता.

एकटं वाटेल का? वाटेल. पहिला नोव्हेंबर फार जड जातो, दुसरा कमी. बालवाडीचं, बोटक्लबचं श्रमदान असतं, त्याला दुग्नाद म्हणतात. बोलावलं की जा, हातात कुंचला घेऊन भिंत रंगव, लोक आपोआप बोलायला लागतात. यापेक्षा जास्त या विषयावर लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

कागदपत्रांबद्दल मात्र आहे. आपल्या नावांचा प्रश्न यांना कळत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव, आडनावच नाही. इथल्या सरकारी कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, ही तुमचीच मुलगी हे कशावरून? मुलगी माझ्या कडेवर होती. दापोलीहून नवा दाखला, त्यावर मुंबईत शिक्के, मग पुन्हा अर्ज. तोवर ओळखक्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायची सोय, नाही, आणि बँकआयडी नसेल तर डॉक्टरची वेळ घेण्यापासून विजेच्या करारापर्यंत सगळं अडतं. सगळ्या दाखल्यांवर आई-वडिलांची पूर्ण नावं पासपोर्टप्रमाणे करून घे, अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, घे, मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेव. आणि भारतीय वाहन परवाना तीन महिन्यांनंतर चालत नाही. इथे गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकावं लागतं, अंधारात गाडी चालवायचा वेगळा पाठसुद्धा.

आता मुलीचं. यासाठीच खरं तर लिहायला बसले.

भाषेची चिंता करू नकोस, वर्षभरात ती तुला नॉर्वेजियन शिकवेल. सातवीपर्यंत गुण देत नाहीत, आपल्याला सुरुवातीला पोरगं काही शिकतच नाही असं वाटतं, पण शिकतं. बाहेरून आलेल्या मुलांना नॉर्वेजियनचे जादा तास मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. चांगली सोय आहे. पण ते तास कधी घेतात, ते बघ. आमच्या मुलीला वर्गातून बाहेर काढून दुसऱ्या खोलीत बसवायचे, आणि तिला नॉर्वेजियन नीट यायला लागल्यावरही ते चालूच राहिलं. एका शरद ऋतूत वर्गाने टिट्रानचा प्रकल्प केला. मुलांना सांगितलं होतं, घरी आजी-आजोबांना विचारा, तुमच्या घरातलं कोणी समुद्रात गेलं का, आणि वर्गात येऊन सांगा. माझ्या मुलीला त्या तासाला चित्रं जोडायचा कागद दिला. बोट, मासा, दोरी. तेव्हा ती पुस्तकं वाचत होती.

तिचे पणजोबा होडी घेऊन गेले ते परत आले नाहीत. आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिलाही. माझी आजी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायची आणि मग दिवसभर कोणाशी बोलायची नाही. त्या वर्गातल्या किती मुलांकडे असं सांगण्यासारखं होतं, मला माहीत नाही. तिच्याकडे होतं, आणि तिला कोणी विचारलं नाही. शाळेचं नाव घेत नाही, बाई मनाने चांगल्या होत्या, वेळापत्रक तसं होतं असं म्हणाल्या. मला ते अजून पचलेलं नाही. या गावाची ओळख समुद्राने नेलेल्या माणसांवर उभी आहे, आणि त्या ओळखीत आम्ही सहज मावलो असतो. मासा ताजा आहे का हे मी कल्ले उघडून बघते, तसंच शेजारची ऐंशीची बाई बघते. तिच्या स्वयंपाकघरात मला परकं वाटत नाही. शाळेच्या त्या खोलीत माझ्या लेकीला वाटलं.

लेक आता मोठी झालीय. इथल्यासारखंच बोलते, १७ मेच्या, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिवसाच्या, मिरवणुकीत पहिल्या ओळीत असते. २०२० पासून नॉर्वे दोन नागरिकत्वं चालवून घेतं, भारत घेत नाही, त्यामुळे नॉर्वेचा पासपोर्ट हवा तर आपला सोडावा लागतो. नवऱ्याचा अर्ज गेला. माझा भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. आई दर फोनला विचारते, आता कायमचंच का गं? मी म्हणते, बघू. तिला हे उत्तर पुरत नाही, मलाही पुरत नाही, पण दुसरं नाहीये. तू पाच वर्षांसाठी येतोय असं लिहिलंस. आम्हीही तेच म्हणून आलो होतो.

म्हणून येऊ नकोस असं म्हणत नाहीये. ये. काम चांगलं आहे, लोक शब्दाला पक्के आहेत, मुलगी मोकळ्या हवेत वाढेल. फक्त पहिल्याच पालकसभेत विचार की जादा तासांच्या वेळी वर्गात काय शिकवलं जातं, आणि गावाच्या इतिहासाचा, निसर्गाचा तास असेल तर माझ्या मुलीला वर्गातून उठवू नका असं सांग. उत्तर ईमेलवर मागून घे, आणि ते तास दर सहा महिन्यांनी अजून लागतात का, तेही विचारत जा.