अर्ध्या तासात बूड दुखतं, हातांना मुंग्या येतात. गिअरच्या सायकलची सीट बदलावी का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नको. आणि ते जेलचं मऊ कव्हर तर मुळीच घेऊ नका. मी घेतलं होतं. पहिली दहा मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटतं, मग बैठकीची हाडं आत रुततात, भार नको त्या नाजूक जागी येतो आणि सगळं बधिर होतं.

दोष बहुतेक वेळा सीटचा नसतो, उंचीचा असतो. हे मी गुडघा देऊन शिकलो. सायकल घरी आली त्या दिवशी आमच्या दादाने सीट लावून दिली. दादा बाबांच्या अ‍ॅटलासवर हाफ पायडल मारत शिकलेला, त्यामुळे घरात सायकलीबाबत त्याचाच शब्द शेवटचा. "बसल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत, नाहीतर तोंडावर पडशील." तळवे सपाट टेकेपर्यंत त्याने सीट खाली दाबली. तशी तीन महिने चालवली. मग एका रविवारी पुण्याजवळचा बोपदेव घाट अर्धा चढल्यावर डाव्या वाटीखाली सुई टोचल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून, उलट्या पावलांनी जिना उतरलो. दादा म्हणाला, "वय झालं तुझं. वजन कमी कर." मी ४१ वर्षांचा होतो!

महिनाभर तेल चोळून परत गेलो, तर सासवडच्या अलीकडे पंक्चर. ट्यूब बदलून झाल्यावर पंक्चरवाल्याने मला सायकलवर बसलेला बघितला आणि विचारलं, "साहेब, पोराची सायकल आणली का?" त्याने सीट तीन बोटं वर घेतली. पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवायला लावली. पाय सरळ झाला. "आता चवड्याने मारा," म्हणाला. चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. येताना तोच घाट दुसऱ्या बाजूने चढलो, गुडघा गप्प.

घरी येऊन दादासाठी पुरावा तयार केला. भिंतीला टेकून, दोन पायांच्या मध्ये मुलीचा जाड शब्दकोश घट्ट वर दाबून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजली, ७९ सेंमी. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीन वेळा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने एक गुणाकार चालतो: या मापाला ०.८८३ ने गुणायचं. क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर. माझं आलं ६९.८. पंक्चरवाल्याने नुसत्या नजरेने ६९ वर लावलं होतं. दादाचं होतं ६४.

गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. पायडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तरीही वरच.

हो, हातांचं राहिलंच. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळव्यांवर येतो. मोबाईल सीटवर ठेवून लेव्हल बघा, आणि कोपरं ताठ ठेवू नका.

"मग सिग्नलला काय करणार?" हा दादाचा ठरलेला प्रश्न. अरे, सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय टेकायचा. सगळं जग तसंच करतं.

मात्र सीटच्या दांड्यावर कमीत कमी किती आत राहायला हवा याची खूण असते, ती बाहेर दिसेल इतका दांडा वर काढू नका, मोडेल. आणि माझ्यासारखं एकदम पाच सेंमी नको, रोज चार-पाच मिलिमीटर चढवा. इतकं करूनही बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. मंडईत भाजीला जायचं, मागे पोर बसलंय, अशा वेळी दादाचीच उंची बरी, हेही कबूल.

पण हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो अजूनही घरी आला की पार्किंगमध्ये खटका उघडून सीट गुपचूप खाली करून जातो. म्हणून बायकोच्या नेलपॉलिशने दांड्यावर लाल रेघ मारून ठेवली आहे.