शीटमध्ये सुटतं, मॉकमध्ये अडतं: गणितं मिसळून सोडवा

बारावी-सीईटीची तयारी करताना क्लासची इंटिग्रेशनची सराव शीट सुटते आणि आठवड्याने मॉक टेस्टमध्ये तेच गणित आलं की हात थांबतो, हे तुमचं दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. वेळापत्रक, मोबाइल वगैरेंवरचे सल्ले सोडून देतो, फक्त सराव कसा करायचा ते सांगतो.

शीटवर 'बाय पार्ट्स' असं इंटिग्रेशनच्या पद्धतीचं नाव छापलेलं असतं. म्हणजे पद्धत ओळखायचं निम्मं काम आधीच झालेलं, उरते फक्त आकडेमोड. सीईटीच्या (बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या) पेपरवर ती पाटी नसते. छेदात एक्स²+४ आहे, अंशात १: टॅन इन्व्हर्स. अंशात एक्स: सबस्टिट्यूशन, उत्तर लॉगमध्ये. अंशात एक्स²: आधी भागाकार. आणि अंशात १ ठेवून छेदात एक्स²−४ झालं की पार्शल फ्रॅक्शन. ही चार एकाखाली एक सोडवून बघा, नेमकं कुठे अडतं ते कळेल.

मिसळायचं ते असं, एकमेकांशी गल्लत होणारं. दर अर्ध्या तासाला फिजिक्स बंद करून केमिस्ट्री उघडणं म्हणजे मिसळणं नव्हे, बहुतेकांचं इथेच फसतं. नवी पद्धत असेल तर आधी सलग पाच-सहा गणितं कराच. मग रोज बारा: चार चालू प्रकरणातली, आठ मागची, त्यात अकरावीचीही (सीईटीत तिचा वाटा २० टक्के). सोडवण्याआधी समासात पद्धतीचं नाव लिहा. उत्तरं त्याच दिवशी तपासा. पद्धत चुकली की आकडेमोड, हे वेगळं नोंदवा.

सुरुवातीला मार्क कमी होतील, तेव्हा सोडू नका. रोहरर आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांच्या २००७ च्या प्रयोगात सरावाच्या वेळी एकाच प्रकारची गणितं सलग करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच आकडे २० आणि ६३.

क्लासकडून फार आशा ठेवू नका. एका नावाजलेल्या क्लासकडे मिश्र शीट मागितली तर "पोर्शन संपल्यावर रिव्हिजनला देऊ" एवढंच उत्तर. पोर्शन संपतो परीक्षेच्या तोंडावर! शीटच्या झेरॉक्स काढा, मथळे कापून टाका, गणितं चिठ्ठ्यांसारखी डब्यात घाला.

हे गणिताबद्दल खात्रीने सांगतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एसएन१, एसएन२ आणि एलिमिनेशन या एकमेकींशी गल्लत होणाऱ्या अभिक्रिया अशाच मिसळता येतील. बायोलॉजीच्या नुसत्या पाठांतराला इतका फरक पडेल असं मी म्हणणार नाही.