घडीच्या चाकूला तेल कोणतं घालावं, आणि किती?

तुमचा नवा चाकू अडकत उघडतो, कोणतं तेल घालू असं तुम्ही विचारलंय. पण मला लिहायला बसवलं ते तुमच्या पुढच्या वाक्यानं: 'घरचे म्हणतात, सोड भरपूर तेल, आपोआप मोकळा होईल.' हे घरचे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. आमच्याकडे त्यांना दादा म्हणतात.

भरपूर सोडू नका. एक थेंब, तोही सुईच्या टोकावरून.

वडिलांचा एक चाकू होता. दोन पात्यांचा, साध्या कार्बन स्टीलचा, लाकडी मुठीचा. लॉक वगैरे काही नाही, पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उभं राहायचं. अर्ध्यावर आलं की थबकायचं आणि मग टक्कन पुढं जायचं. त्यात तेल घालायची वडिलांची एक रीत होती. शिलाई मशीनच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी लोंबणारा थेंब ते सुईवर घ्यायचे आणि सुई पात्याच्या सांध्याला टेकवायचे. थेंब फटीत आपसूक ओढला जायचा. मग दहा-बारा वेळा उघडमीट, सांध्यातून काळपट ओघळ आला की फडक्यानं टिपायचा, पुन्हा उघडमीट, ओघळ स्वच्छ येईपर्यंत. तेल घालण्यापेक्षा तेल पुसण्यातच त्यांचा जास्त वेळ जायचा.

वडील गेल्यावर चाकू माझ्याकडे आला. एकदा दादा मुक्कामाला असताना त्याला पातं जरा कडक लागलं. मी घरी नव्हतो. त्यानं स्वयंपाकघरातलं तेल सरळ बुधलीनं सांध्यात ओतलं. 'तेल ते तेल.' दोन दिवस चाकू लोण्यासारखा चालला, आणि त्या दोन दिवसांवर दादा आजवर जगतोय. खाण्याचं तेल हवेत राहिलं की त्याचा चिकटा होतो. बाटलीच्या तोंडाभोवती बोट फिरवून बघा, तोच पिवळा राप. त्यात खिशातला भुरा आणि धूळ. काही महिन्यांनी मोठं पातं उघडायला गेलो तर खाचेत घातलेलं नख मुळापासून तुटलं, पातं जागचं हललं नाही.

सांधा खिळे ठोकून बंद केलेला, त्यामुळे सुटा करायची सोय नाही. मूठ लाकडी, त्यामुळे बुडवून ठेवता येईना. चार संध्याकाळी सांध्यावर थेंब थेंब रॉकेल सोडत बसलो. तिसऱ्या दिवशी पातं करकरत निम्मं उघडलं, तेव्हा पातं आणि स्प्रिंगच्या मधे तपकिरी तार धरली होती, डिंकाची धरते तशी. ते कीट टोकदार काडीनं कोरून काढलं. दादाला दाखवलं. तो म्हणाला, 'बघ, तेल कमी पडलं.'

तर तुमचं उत्तर. शिलाई मशीनचं तेल चालतं, उत्तम चालतं. ते पातळ खनिज तेल असतं, त्याचा चिकटा होत नाही. चाकूनं खायच्या वस्तू कापणार असाल तर खाण्यायोग्य दर्जाचं खनिज तेल घ्या. त्याला ना वास ना चव, आणि ते खवटही होत नाही. गाडीचं इंजिन ऑइल नको, जाड पडतं. डब्ल्यूडी-४० या डब्यातल्या फवाऱ्याबद्दल लोक हमखास भांडतात. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली ते क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून बनवलं होतं. सांधा धुवायला छान, पण मागे उरणारा थर अगदी पातळ, म्हणून धुऊन झाल्यावर तेलाचा थेंब घालावाच लागतो.

आणि धुण्याला घाबरू नका. व्हिक्टोरिनॉक्ससारखी घडीचे चाकू बनवणारी स्विस कंपनीसुद्धा आपले चाकू कोमट पाण्यात उघडमीट करून धुवा, पूर्ण वाळवा आणि मग थेंबभर तेल द्या, असंच सांगते.

थेंब कुठं? पात्याच्या दोन्ही बाजूंना, खिळ्यालगत. लायनर लॉक असेल, म्हणजे उघडलेलं पातं मुठीच्या आतली धातूची पट्टी अडवून धरत असेल, तर पात्याच्या बुडाला जिथं ती पट्टी येऊन टेकते, तिथं तेल अजिबात नको. ती पट्टी घर्षणावर टिकून असते. तिथं तेल लागलं आणि लॉक निसटलं, तर पातं बोटांवरच मिटतं.

खरं तर तेलाच्या आधी स्क्रू बघायला हवा, हे मी वरच सांगायला हवं होतं. नवा चाकू अडकतो तो बहुतेकदा सांध्याचा स्क्रू जास्त आवळल्यामुळे. चांदणीच्या तोंडाचा, बहुधा टी६ किंवा टी८ मापाचा पाना लागतो. केसभर सैल करा, उघडून बघा, पातं डावी-उजवीकडे डुगडुगायला लागलं की थोडं परत आवळा. स्क्रू हलतच नसेल तर जोर करू नका. आट्यांना निळा डिंक लावलेला असतो, तो तापवल्यावर सुटतो, नाहीतर स्क्रूचं तोंडच झिजतं. पूर्ण सुटा करण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. चाकू खोलला की काही कंपन्या हात वर करतात.

एक गोष्ट राहिली. वडिलांच्या त्या चाकूच्या पात्यावर आज गंजाचे खड्डे आहेत, आणि त्यांना तेल कारण नाही. जपून राहावा म्हणून मी तो वर्षभर चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवला होता. चामडं ओल धरतं, साध्या कार्बन स्टीलला एवढं पुरतं. दादाचा समज आहे की मी तेल घातलं नाही म्हणून गंजला. तो समज मी अजून दूर केलेला नाही.

तुमच्या चाकूच्या सांध्यात सपाट वॉशर आहेत की छर्रे, ते तुम्ही लिहिलं नाहीत. वॉशर असतील तर तेलाऐवजी बोटाच्या टोकावर मावेल एवढं पातळ ग्रीससुद्धा चालेल, जास्त दिवस टिकतं. छर्रे असतील तर ग्रीस नको, पातं जडावतं.