वाचकांचे प्रश्न : स्कारबरो ते व्हिटबी, रुळांविना उरलेल्या वाटेवरून

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात इंग्लंडला जाण्याचा योग आहे. मी सायकल नियमित चालवते, वयाने पन्नाशी ओलांडली आहे आणि वाहनांच्या गर्दीत शिरण्याची धास्ती वाटते. यॉर्कशरच्या किनाऱ्यालगत बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची सायकलवाट झाली आहे, असे वाचले. ती खरोखर वाहनमुक्त आहे का, आणि मला झेपेल का?

उत्तर : आपण म्हणता ती वाट म्हणजे ‘सिंडर ट्रॅक’. स्कारबरो आणि व्हिटबी या दोन किनारी गावांना जोडणारी ही रेल्वे 1885 मध्ये सुरू झाली आणि 1965 मध्ये बंद पडली. रूळ काढल्यावर उरलेला सुमारे 35 किलोमीटरचा पट्टा आज पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार अशा तिघांसाठी खुला आहे. या मार्गावर रुळांखाली फोडलेल्या दगडाची खडी न घालता कोळशाची जळकी राख पसरली होती. ‘सिंडर’ म्हणजे अशी जळकी राख, वाटेचे नाव त्यावरूनच पडले.

वाट बहुतांशी वाहनमुक्त आहे, पूर्णपणे नाही. रेव्हन्सकार आणि रॉबिन हूड्स बे या गावांत थोडे अंतर साध्या रस्त्यावरून जावे लागते आणि अधूनमधून रस्ते ओलांडावे लागतात. त्यात घाबरण्याजोगे काही नाही, वाहने आपल्याकडच्याप्रमाणे डाव्या बाजूनेच चालतात.

झेपण्याचे म्हणाल, तर चढाची चिंता फारशी करू नये. वाट रेल्वेसाठी आखलेली असल्यामुळे चढ कुठेच अंगावर येत नाही. सर्वांत तीव्र टप्प्यातही साधारण 40 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते. मात्र हा सौम्य चढ संपता संपत नाही. रेव्हन्सकार हा मार्गाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटर उंचीवर आहे आणि कोणत्याही टोकाकडून निघालात, तरी तो चढूनच जावा लागतो. समुद्री धुक्याने रूळ ओले झाले की इंजिनांची चाके इथेच जागच्या जागी फिरत आणि गाडी माथ्यावर नेताना चालकांची दमछाक होई. तेव्हा हलका गिअर लावून, घाई न करता चढावे. खरी परीक्षा चढाची नसून पृष्ठभागाची आहे, आणि पुढच्या वाचकाने नेमके तेच विचारले आहे.

प्रश्न : माझी सायकल रस्त्यावरच्या शर्यतीची, अरुंद टायरची आहे. तीच घेऊन गेलो तर चालेल का? की ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, लागेलच?

उत्तर : आपली सायकल घरीच राहू द्यावी. वाटेचे काही भाग अलीकडे दाबून सपाट केले आहेत, पण मधे सुटी खडी, झाडांची मुळे आणि पावसानंतर चिखल भेटतो. 25 मिलिमीटरचा कडक टायर सुट्या खडीत रुततो आणि प्रत्येक दगडाचा धक्का थेट मनगटापर्यंत पोहोचवतो. 40 मिलिमीटरच्या आसपासचा टायर असलेली ग्रॅव्हल बाइक उत्तम. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी साधी हायब्रिड किंवा माउंटन बाइकही पुरते, त्यासाठी नवी महागडी सायकल घेण्याचे कारण नाही. टायरमधील हवा रस्त्यावर ठेवता त्यापेक्षा कमी ठेवावी, म्हणजे टायर खडीवर दबून पकड घेतो. मात्र इतकीही कमी नको की दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली जाईल. उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळू नये, आणि हँडल वळलेले असताना तर मुळीच नाही. वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत असतानाच कमी करावा. एक घंटीही असू द्यावी, कारण या वाटेवर कुत्री फिरवणारे पुष्कळ असतात.

प्रश्न : हा किनारा ‘ऐतिहासिक’ म्हणतात तो कशासाठी? सायकलवरून जाताना त्यातले काही दिसते, की सगळे पुस्तकातच राहते?

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करतो. वाट किनाऱ्याची असली, तरी समुद्र सतत सोबतीला नसतो. बराच भाग झुडपांच्या रांगांमधून आणि खोदलेल्या खिंडींतून जातो. समुद्र मनसोक्त दिसतो तो रॉबिन हूड्स बे आणि रेव्हन्सकार यांच्या दरम्यान, आणि सुदैवाने इतिहासही तिथेच सर्वांत दाट आहे.

दोन टोकांची ख्याती सर्वांना ठाऊक असते. व्हिटबीचा मठ 657 मध्ये स्थापन झाला. ईस्टरची तिथी कोणत्या पद्धतीने ठरवावी याचा निवाडा करणारी धर्मसभा 664 मध्ये तिथे भरली होती. स्कारबरोच्या किल्ल्याच्या टेकाडावर रोमन टेहळणी ठाण्याचे अवशेष आहेत, आणि 16 डिसेंबर 1914 रोजी जर्मन युद्धनौकांनी या दोन्ही गावांवर तोफा डागल्या होत्या. पण माझ्या मते या वाटेवर थांबून पाहण्याजोगे ठिकाण म्हणजे रेव्हन्सकारखाली, वाटेपासून हाकेच्या अंतरावर असलेले तुरटीच्या कारखान्याचे अवशेष.

कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी आणि कातडे कमावण्यासाठी तुरटी लागे. सोळाव्या शतकात युरोपातील या व्यापारावर पोपच्या ताब्यातील इटलीमधील खाणींचा पगडा होता, आणि इंग्लंडचे रोमशी बिनसल्यावर देशातच तुरटी मिळवण्याची निकड निर्माण झाली. यॉर्कशरच्या कड्यांतील पातळ थरांच्या काळसर खडकात तिचा कच्चा माल सापडला. तो खडक खणून, जळणावर त्याचे प्रचंड ढीग रचून, कित्येक महिने धुमसत ठेवत. भाजलेला दगड हौदांत भिजवत आणि ते पाणी पाटांनी कारखान्यात आणून उकळत. त्यात समुद्री शेवाळाची राख किंवा शिळे मूत्र मिसळावे लागे. हे मूत्र पिपांत भरून लंडनसारख्या शहरांतून जहाजाने येत असे! द्रावण पुरेसे दाट झाले की नाही, हे त्यात अंडे तरंगते का यावरून पाहत, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या मध्यापासून 1860च्या दशकापर्यंत हा उद्योग इथे चालला. पुढे स्वस्त रासायनिक पद्धती आल्या आणि तो बसला. आज ही जागा वारसास्थळे जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या देखरेखीखाली असून हौदांच्या आणि इमारतींच्या दगडी भिंती उभ्या आहेत. आजूबाजूच्या उतारांवर लालसर दगडांचे सडे दिसतात, ते भाजून टाकून दिलेल्या खडकाचे आहेत.

रेव्हन्सकार गावातही दहा मिनिटे रेंगाळावे. रेल्वे आल्यावर या कड्यावर मोठे पर्यटननगर वसवण्याचा घाट घातला गेला, रस्ते आखले, भूखंड विकायला काढले. पण समुद्रावर पोहोचायला उंच कडा उतरावा लागे आणि वारा तर बारमाही. घरे मोजकीच झाली, आखलेले रस्ते तसेच राहिले.

प्रश्न : कड्याच्या अगदी काठाने जाणारी आणखी एक पायवाट नकाशात दिसते. तिच्यावरून सायकल नेता येईल का?

उत्तर : नाही. ती क्लीव्हलँड वे, 1969 मध्ये खुली झालेली दीर्घ पायवाट. कड्यावरचा तिचा भाग पादचाऱ्यांसाठी आहे. इंग्लंडमध्ये घोडेवाटांवर सायकल चालवण्याची मुभा 1968च्या कायद्याने दिली आहे, तीही पादचारी व घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. निव्वळ पायवाटांना ती लागू नाही. काठावर जायचेच असेल, तर सायकल कुलूप लावून ठेवावी आणि पायी जावे.

प्रश्न : कोणत्या टोकाकडून निघावे, आणि परतायचे कसे?

उत्तर : दोन्ही टोकांना रेल्वेस्थानक आहे, परंतु हीच रेल्वे बंद पडल्यामुळे त्या दोघांमध्ये थेट गाडी उरलेली नाही, स्कारबरोला यॉर्ककडून आणि व्हिटबीला मिडल्सबरोकडून गाडी येते. म्हणून आल्या वाटेने परतण्याची तयारी ठेवावी. अर्धाच दिवस हाताशी असेल, तर व्हिटबीहून निघून रेव्हन्सकारपर्यंत जावे आणि मागे फिरावे. सुरुवातीलाच एस्क नदीवरचा तेरा कमानींचा विटांचा लार्पूल पूल लागतो, समुद्राचा मोकळा भाग आणि तुरटीचा कारखानाही याच टप्प्यात येतो. मधे रॉबिन हूड्स बे गाव पाहायला उतरलात, तर जुने गाव थेट समुद्रापर्यंत उतरत जाते आणि परतीचा तो चढ रेल्वेने आखलेला नाही, हे ध्यानात असू द्यावे. ऐन उन्हाळ्यातही समुद्रावरून गार धुके अचानक आत शिरते. त्यामुळे वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि पुढचा-मागचा दिवा सोबत ठेवावा. अंधार पडल्यावर रस्त्यावर सायकल चालवायची, तर दिवे तिथे कायद्यानेच बंधनकारक आहेत.